कुरुंद, कार्बोरंडम आणि ‘नैसर्गिक’ दगड

सुरीला धार लावायच्या दगडांत सध्या ‘नैसर्गिक’ या शब्दाला भाव आला आहे. बेल्जियमच्या आर्देन भागातला पिवळा कोटिक्यूल, अमेरिकेतल्या आर्कान्साचा नोव्हॅक्युलाइट, क्योटोजवळच्या जुन्या खाणींतले दगड. हौशी मंडळी यांचे तळहाताएवढे तुकडे हजारो रुपये मोजून मागवतात. खाणीतून कापून काढला तो नैसर्गिक आणि कारखान्यात भाजला तो कृत्रिम, अशी वाटणी त्यामागे असते. युरोप-जपानपुरती ती चालून जाते. आपल्याकडच्या धारवाल्याचा इतिहास पाहायला गेले की ती लगेच अडखळते.

दगडावर धार लावणे लोखंडाहूनही जुने. बळ्ळारीजवळ संगनकल्लूच्या टेकड्यांवर नवाश्मयुगातल्या कुऱ्हाडी घासून पडलेल्या खोबणी आजही दिसतात. पहिल्या शतकातल्या एका रोमन ग्रंथात क्रीटचा दगड तेलाचा, नॅक्सॉसचा पाण्याचा, आणि एक प्रकार न्हाव्याच्या थुंकीवर चालणारा, अशी प्रतवारीच दिली आहे. तेल की पाणी हा वाद तेव्हापासून चालू आहे आणि अजून मिटलेला नाही.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसाल्टचा. पाटा-वरवंटा, जाते यांसाठी तो उत्तम. विळा-कोयताही लोक घराच्या पायरीवर घासून घेत. पण वस्तऱ्याची, तलवारीची बारीक धार ही वेगळी गोष्ट. तिथे शिकलगार लागे. (शिकलगार हा शब्दच मुळी ‘जिल्हई’ या अर्थाच्या अरबी ‘सैकल’वरून फारसीमार्गे आलेला, धार हा त्याच्या कामाचा एक भाग, चमक हा दुसरा.) त्याचे चाक खाणीतून काढलेले नसे. कुरुंद हे कठीण खनिज कुटून त्याची पूड करायची, वितळलेल्या लाखेत कालवायची आणि त्याचे चाक घडवायचे. दुसरा माणूस आसाला गुंडाळलेली वादी आलटून पालटून ओढी आणि चाक फिरे. म्हणजे कण निसर्गाचा, दगड माणसाचा. आजच्या कारखान्यातल्या चाकाची कृतीही तत्त्वतः हीच आहे: कठीण कण आणि त्यांना धरून ठेवणारा बांधक. लाखेच्या जागी भाजलेली माती किंवा राळ आली, इतकेच. तेव्हा ‘आपली परंपरा नैसर्गिक दगडाची’ असे जे हल्ली ऐकू येते, ते शिकलगाराच्या चाकाला तरी लागू पडत नाही.

खरा गुंता ‘कुरुंद’ या शब्दात आहे, आणि तो सोडवायला थोडी जागा द्यावी लागेल.

संस्कृतात कुरुविंद म्हणजे माणिक. तमिळमध्ये कुरुंदम. माणिक आणि शिकलगाराचा मळकट, अपारदर्शक कुरुंद ही रसायनदृष्ट्या एकच चीज आहे, ॲल्युमिनियमचे ऑक्साइड. युरोपातल्या खनिजशास्त्राला हे नाते अठराव्या शतकाच्या अखेरीस उमगू लागले. त्यावरून आपल्या पूर्वजांना ते आधीच ठाऊक होते असा दावा काही जण करतात. मोह पडावा असाच हा दावा आहे, पण त्याच कुरुविंद शब्दाचा दुसरा अर्थ मोथा, म्हणजे शेतातले तण, असाही आहे. शब्द एक असला म्हणून ज्ञान एक ठरत नाही.

भारतातून गेलेल्या या दगडावर १७९८ साली लंडनमध्ये एक निबंध प्रसिद्ध झाला आणि ‘कोरंडम’ हे नाव तिकडे रुळत गेले. पुढे १८९१ मध्ये अमेरिकेत एकाने चिकणमाती आणि कोकची भुकटी विजेच्या भट्टीत तापवली. निळसर काळे, चमकदार स्फटिक मिळाले. कार्बन आणि कोरंडम यांचे हे संयुग असावे, असे समजून त्याने नाव ठेवले कार्बोरंडम. समज चुकीचा होता. तो पदार्थ सिलिकॉन कार्बाइड निघाला, त्यात कुरुंदाचा अंशही नाही. नाव मात्र चिकटले, व्यापारी चिन्ह झाले. थोड्याच वर्षांत बॉक्साइट वितळवून खराखुरा कृत्रिम कुरुंदही बनू लागला, पण तो बाजारात ‘ॲल्युमिनियम ऑक्साइड’ म्हणून ओळखला जातो. ज्यात कुरुंद आहे त्याला रासायनिक नाव, आणि ज्यात नाही त्याच्या नावात कुरुंद!

मग १९५४ मध्ये परदेशी भागीदारीतून अशा कृत्रिम चाकांचा कारखाना निघाला तो मद्रासला, कार्बोरंडम हेच नाव घेऊन. कुरुंदम हा शब्द ज्या भाषेतून गेला, त्याच भाषेच्या मुलखात तो पुढे ‘कार्बो’ लावून परतला.

कृत्रिम दगडाने नैसर्गिकाला का हटवले, याचे उत्तर ‘स्वस्त म्हणून’ एवढेच दिले जाते. ते अपुरे आहे. इंग्लंडात शेफील्डच्या कारखान्यांत वालुकाश्माची काही चाके कोरडीच फिरत, आणि त्यांच्यावर जेवणाचे काटे घासणारे कारागीर क्वचितच पस्तिशी ओलांडत. दगडातल्या सिलिकाची धूळ फुफ्फुसात बसे; कृत्रिम चाकाने हा धोका कमी केला. ‘नैसर्गिक’ शब्दाचे कौतुक करताना हा भाग सोयीने गाळला जातो. हातातल्या ओल्या दगडाला तो धोका जवळपास नाही, हेही खरे.

आता पुन्हा फॅशन फिरली आहे. हौशी मंडळींचे म्हणणे सगळेच पोकळ नाही. कोटिक्यूलमधले गार्नेटचे कण गोलसर असल्यामुळे ओरखडा उथळ पडतो आणि धार मऊ लागते. क्योटोच्या दगडांवर घासताना सुटणारा चिखल फुटत फुटत आणखी बारीक होत जातो. पण या दगडांवर छापले जाणारे ‘८०००’, ‘१२०००’ हे कणांच्या बारीकपणाचे आकडे विक्रेत्यांचे अंदाज असतात, कारण कारखान्यातल्यासारखे कण प्रतवारीने निवडून तो दगड बनलेला नसतो. शिवाय काही नव्या पोलादांत व्हॅनेडियम कार्बाइडचे कण असतात. ते क्वार्ट्झपेक्षा, गार्नेटपेक्षाही कठीण. अशा सुरीवर आर्कान्साचा, म्हणजे क्वार्ट्झचाच, दगड तासभर फिरवला तरी भोवतालचे पोलाद तेवढे झिजते. तिथे हिऱ्याच्या पूडीची पट्टीच लागते.

मराठी स्वयंपाकघराची अडचण याहून साधी आहे. विळीचे पाते पाटाला जखडलेले. सुरीसारखे ते दगडावर फिरवता येत नाही, दगडच पात्यावर फिरवावा लागतो. त्याला मुठीत मावणारा तुकडा हवा. क्योटोहून आलेली वीट तिथे काही कामाची नाही.