डेनगेल्ड

व्हायकिंग हल्लेखोरांनी लूटमार थांबवून परत जावे म्हणून इंग्लंडच्या अँग्लो-सॅक्सन राजांनी दिलेली चांदीची खंडणी, तसेच त्या काळात सुरू होऊन पुढे दीडशे वर्षे चाललेला जमीनकर. खंडणी आणि कर या खरे तर दोन वेगळ्या बाबी. तत्कालीन इंग्रजीत खंडणीला ‘गाफोल’ म्हणत, तर १०१२ पासून भाडोत्री आरमार पोसण्यासाठी जी वार्षिक सैन्यपट्टी बसली तिला ‘हेरेगेल्ड’. ‘डेनगेल्ड’ हे नाव नॉर्मन विजयानंतर (१०६६) रूढ झाले आणि दोन्ही एकाच नावाखाली आले.

पैसे मोजून शांतता मिळवण्याची रीत इंग्लंडने काढलेली नाही. फ्रँकांचा राजा चार्ल्स द बॉल्ड याने ८४५ मध्ये पॅरिसवर चालून आलेल्या व्हायकिंगांना ७,००० पौंड चांदी देऊन वाटेला लावले होते. इंग्लंडमध्ये ८६५ साली थॅनेट बेटावर तळ देऊन बसलेल्या सैन्याला केंटच्या लोकांनी पैसे कबूल केले. पण पैसे हाती पडण्याआधीच सैन्य रात्री गुपचूप बाहेर पडले आणि त्याने पूर्व केंट लुटला. तहापेक्षा लुटीत जास्त मिळेल हे त्यांनी ओळखले होते, असे वेसेक्सचा राजा आल्फ्रेड याचा चरित्रकार बिशप अ‍ॅसर लिहितो. खुद्द आल्फ्रेडनेही ८७१ मध्ये लागोपाठच्या लढायांनंतर ‘तह केला’, आणि तो पैसे देऊनच झाला असे बहुतेक इतिहासकार मानतात. व्हायकिंगांवरच्या साहसकादंबऱ्यांचा आवडता काळ हाच, नवव्या शतकातला. मोठ्या खंडण्यांचा काळ मात्र त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी, एथेलरेड दुसरा (कारकीर्द ९७८–१०१६) याच्या राज्यात येतो.

ऑगस्ट ९९१ मध्ये एसेक्समधील मॉल्डन येथे ब्लॅकवॉटर नदीच्या खाडीकाठी एसेक्सचा सरदार बिर्टनॉथ व्हायकिंगांशी लढताना पडला. या लढाईवरच्या जुन्या इंग्रजी काव्यात हल्लेखोरांचा दूत सोने मागतो आणि बिर्टनॉथ त्याला खंडणी म्हणून भाले देऊ करतो. काव्यात तो अमर झाला. राज्याने मात्र त्याच वर्षी १०,००० पौंड मोजले. हा सल्ला कॅन्टरबरीचा आर्चबिशप सिगेरिक याचा होता असे अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल या वर्षवार बखरीत नमूद आहे. सल्ला देणाऱ्यालाही झळ बसलीच. कॅन्टरबरीचे कॅथेड्रल जाळण्याची धमकी आली तेव्हा सिगेरिकने डॉर्चेस्टरच्या बिशपकडून ९० पौंड चांदी व काही सोने घेतले आणि त्या बदल्यात बकिंगहॅमशायरमधील रिझबरोची जमीन त्याच्या नावे केली.

पुढचे आकडे चढत जातात. ९९४ मध्ये नॉर्वेचा व्हायकिंग नेता ओलाफ ट्रिग्वासन आणि डेन्मार्कचा राजा स्वेन यांनी लंडनवर हल्ला केला. तेव्हा १६,००० पौंड दिले गेले. १००२ मध्ये २४,००० पौंड दिले. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला, सेंट ब्राइसच्या दिवशी, राजाने देशातील डॅनिश लोकांच्या कत्तलीचा हुकूम काढला. पैसा आणि रक्तपात ही दोन्ही धोरणे एकाच दरबारात शेजारी नांदत होती. १००७ मध्ये ३६,००० (बखरीच्या काही प्रतींत ३०,०००), तर १०१२ मध्ये ४८,००० पौंड गेले. १०१८ मध्ये स्वेनचा मुलगा आणि इंग्लंड जिंकून तिथला राजा झालेला क्नूट याने ७२,००० पौंड वसूल केले, आणि एकट्या लंडनकडून वर १०,५०० पौंड घेतले.

हे आकडे जसेच्या तसे घ्यावेत का, यावर १९८० च्या दशकात एम. के. लॉसन आणि जॉन गिलिंगहॅम या इतिहासकारांत चांगलाच वाद रंगला. लॉसन यांना ते विश्वासार्ह वाटतात, गिलिंगहॅम यांना फुगवलेले. २४, ३६, ४८, ७२ अशी बाराच्या पटीतली चढण पाहता शंका येणे साहजिक आहे. शिवाय एथेलरेडच्या काळातल्या बखरीतल्या नोंदी इंग्लंडच्या पराभवानंतर एकाच लेखकाने मागे वळून लिहिल्या, आणि त्याचा सूर पहिल्यापासून कडवट आहे. तरी आकडे निम्मे धरले तरी रक्कम थोडकी ठरत नाही. एका पौंडात २४० पेन्या. म्हणजे ७२,००० पौंडांची १,७२,८०,००० नाणी.

एवढी चांदी गोळा झाली कशी, हा डेनगेल्डमधला सर्वांत महत्त्वाचा भाग, आणि कथाकादंबऱ्या नेमका तोच गाळतात. तिथे टोळीप्रमुखासमोर एक पेटी रिकामी केली जाते आणि काम भागते. प्रत्यक्षात हाइड या जमिनीच्या मापावर आकारणी होई, शायर आणि हंड्रेड या विभागांमार्फत ती खाली पोहोचे आणि राजाचे कारभारी वसुली करीत. राजा एडगर याने सुमारे ९७३ मध्ये नाणेपद्धती सुधारली होती. देशभरातल्या कित्येक टांकसाळींतून एकाच छापाच्या पेन्या पडत आणि ठरावीक वर्षांनी जुनी नाणी परत घेऊन नवी दिली जात. वसुलीत दयामाया नव्हती. ज्याला कर भरता आला नाही त्याची जमीन दुसऱ्याने भरणा करून घ्यावी, अशा रीतीने वुस्टरच्या चर्चने क्नूटच्या काळात गावे गमावली. लढाई हरणारे हे राज्य पट्टी बसवण्यात मात्र त्या काळच्या युरोपात फारच पुढे होते.

चांदी गेली कुठे याचे पुरावे स्कँडिनेव्हियात आहेत. एथेलरेडच्या पेन्या इंग्लंडपेक्षा तिकडच्या जमिनीत, विशेषतः गॉटलंड बेटावर, जास्त सापडल्या आहेत. त्यातला काही वाटा व्यापाराचा आणि भाडोत्री सैनिकांच्या पगाराचाही असणार. स्वीडनच्या उपलांड प्रांतात युटरगेर्डे येथे सापडलेला रून या जुन्या स्कँडिनेव्हियन लिपीतला शिलालेख मात्र सरळ हिशेब सांगतो: बोरेस्टाच्या उल्फने इंग्लंडमध्ये तीनदा गेल्ड (खंडणीचा वाटा) घेतला, पहिला टोस्टीने दिला, दुसरा थॉर्केलने, तिसरा क्नूटने. यातले व्हायकिंग सरदार थॉर्केल आणि राजा क्नूट इतिहासाला चांगलेच परिचित आहेत.

याच थॉर्केलच्या सैन्याने १०११ मध्ये कॅन्टरबरी लुटून आर्चबिशप एल्फहेअ‍ॅ याला कैद केले. आपल्यासाठी वेगळी खंडणी देऊ नये असे त्याने सांगितल्यावर १९ एप्रिल १०१२ रोजी ग्रिनिच येथे दारूच्या नशेतल्या सैनिकांनी हाडे आणि बैलांची मुंडकी फेकून त्याला ठार केले. त्यानंतर थॉर्केल ४५ जहाजांसह एथेलरेडच्या चाकरीत आला. हेरेगेल्ड सुरू झाला तो या जहाजांच्या पगारासाठी. राजा एडवर्ड द कन्फेसरने १०५१ मध्ये तो बंद केला. नॉर्मन राजांना अशी तयार यंत्रणा सोडवेना. विल्यमने १०८४ मध्ये दर हाइडमागे सहा शिलिंग असा जबर दर लावला, आणि व्हायकिंगांचा धोका संपल्यावरही ‘डेनगेल्ड’ या नावाने वसुली होत राहिली. शेवटची वसुली ११६२ ची.

इंग्रजीत आज ‘डेनगेल्ड’ म्हणजे गुंडापुढे नमून दिलेले पैसे. हा अर्थ पक्का करण्यात मुंबईत जन्मलेल्या रड्यर्ड किपलिंगच्या १९११ मधील कवितेचा मोठा हात आहे. एकदा पैसे दिले की डेन लोक पुन्हा पुन्हा येतात, हा तिचा आशय. १००२ पासून १०१२ पर्यंतचा इतिहास त्याला दुजोरा देतो, संपूर्ण इतिहास देत नाही. ९९४ चे पैसे घेतलेल्या ओलाफने अँडोव्हर येथे एथेलरेडच्या साक्षीने ख्रिस्ती दीक्षाविधी करून घेतला, शत्रू म्हणून परत न येण्याचे वचन दिले आणि ते पाळले. थॉर्केलने १०१३ मध्ये स्वेनविरुद्ध लंडन राखायला मदत केली. आणि १०१८ ची सर्वांत मोठी रक्कम तर खंडणी नव्हतीच. इंग्लंडचा राजा झालेल्या क्नूटने आपले आरमार फेडून घरी पाठवण्यासाठी स्वतःच्याच प्रजेवर बसवलेला तो कर होता.