खरी, पण कललेली

ही तीन वाक्यं वाचा. ‘समितीने शुल्कवाढ मंजूर केली.’ ‘समितीने शुल्कवाढ लोकांच्या माथी मारली.’ ‘रखडलेली शुल्कवाढ अखेर मार्गी लागली.’ घटना एकच, आणि यातल्या एकाही वाक्याला सरळसरळ खोटं म्हणता येणार नाही. तरी दुसरं वाचताना कपाळाला आठी पडते आणि तिसरं वाचून हुश्श वाटतं. कल म्हणतात तो हाच. खरे-खोटेपणाशी त्याची गल्लत करून चालत नाही, म्हणून बातम्या जोखणारे दोन फूटपट्ट्या हाताशी ठेवतात.

‘अ‍ॅड फॉन्टेस मीडिया’ या अमेरिकी संस्थेच्या तक्त्यात उभ्या अक्षावर विश्वासार्हतेचे ० ते ६४ गुण असतात. आडव्या अक्षावर कल मोजतात, डावीकडे उणे ४२ पासून उजवीकडे अधिक ४२ पर्यंत. (हे डावं-उजवं अमेरिकेच्या राजकारणातलं आहे, दुसऱ्या देशात ते जसंच्या तसं बसत नाही.) एकच लेख तिघांना वाचायला देतात. एक डाव्या विचारांचा, एक उजव्या, एक मधला.

तिघं कशाला? स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या रॉबर्ट व्हॅलोन, ली रॉस आणि मार्क लेपर यांचा १९८५ सालचा प्रयोग त्याचं उत्तर देतो. १९८२ मध्ये बैरुतमध्ये झालेल्या हत्याकांडाच्या टीव्हीवरच्या बातम्या त्यांनी विद्यार्थ्यांना दाखवल्या. इस्रायलच्या बाजूचे म्हणाले, बातम्या इस्रायलविरोधी आहेत. अरबांच्या बाजूचे म्हणाले, छे, अरबविरोधी आहेत. चित्रफिती त्याच! त्याहून गंमत म्हणजे, दोन्ही गटांत ज्यांना इस्रायल-अरब संघर्षाची माहिती जास्त, त्यांना पक्षपातही जास्त दिसला. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी जरा ओशाळलोच. आपल्याला विषय कळतो म्हणून आपण तटस्थ, अशी माझी बरेच दिवस समजूत होती.

मग ‘ही बातमी विश्वासार्ह वाटते का?’ असं मोघम विचारण्यात अर्थ उरत नाही. त्याऐवजी प्रश्नाचे बारीक तुकडे करायचे. शीर्षकात जे म्हटलंय ते मजकुरात आहे का? दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या एवढ्यावरून एकीमुळे दुसरी घडली, असं ठोकून दिलंय का? भाषा भडक आहे का? अशी उत्तरं देताना वाचकाची आवड-नावड मध्ये येते, पण कमी. ‘क्रेडिबिलिटी कोअ‍ॅलिशन’ या गटाने २०१८ मध्ये असे १६ निकष मांडले आणि सहा प्रशिक्षित वाचकांकडून ४० लेख तपासून घेतले.

‘न्यूजगार्ड’ ही संस्था लेखाला नाही, तर अख्ख्या संकेतस्थळाला १०० पैकी गुण देते. वारंवार खोटं छापत नसेल तर २२ गुण, लेखकांची माहिती देत असेल तर ५. हे प्रमाण मला पटतं. मात्र नामांकित ठिकाणीही एखादा लेख घाईत पाडलेला असतो, आणि संस्थेच्या गुणांत तो झाकला जातो.

प्रत्येक लेख तपासायला तज्ज्ञ आणायचे कुठून? २०२१ मध्ये ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’ या नियतकालिकात एक उत्तर आलं. २०७ बातम्या व्यावसायिक तथ्य-तपासनिसांनी पूर्ण छाननी करून जोखल्या. सामान्य वाचकांनी फक्त शीर्षक आणि सुरुवातीचं वाक्य वाचून. दोन्ही राजकीय बाजूंचे वाचक सारख्या संख्येने घेतलेल्या छोट्या गटांची सरासरी काढली, तेव्हा ती तपासनिसांच्या मताशी बरीच जुळली. किती? तपासनिसांची मतं आपापसात जेवढी जुळतात, तेवढी. ऐकायला छान आहे, पण यातून हेही कळतं की तज्ज्ञांचंही एकमेकांशी पूर्ण जमत नाही.

या सगळ्या पद्धती छापलेल्या मजकुरावर चालतात. जे छापलंच नाही त्याचे गुण कापायचे, तर आधी ते गाळलं गेलंय हे लक्षात यायला हवं, आणि त्यासाठी त्याच घटनेच्या चार बातम्या शेजारी ठेवून वाचाव्या लागतात. वरच्या तीन वाक्यांचंच बघा ना: शुल्क किती वाढलं आणि विरोधात मत कुणी दिलं, हे तिन्हींत नाही.