पीडीएफचे निर्बंध आणि ते काढणारी सॉफ्टवेअर : पार्श्वभूमी

अ‍ॅडोबीने १९९३ साली पीडीएफ आणले आणि पुढच्याच आवृत्तीत त्याला एन्क्रिप्शनची, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये असा मजकूर सांकेतिक रूपात बदलण्याची, जोड दिली. पासवर्ड दोन प्रकारचे ठेवण्यात आले: एक फाइल उघडण्याचा आणि दुसरा मालकाचा, म्हणजे छपाई, मजकुराची नक्कल किंवा फेरफार यांवर बंदी घालण्याचा. पुढच्या बहुतेक वादाचे मूळ या दुसऱ्या पासवर्डात आहे, कारण त्याने फाइलला कुलूप लागतच नाही. नुसता मालकाचा पासवर्ड घातलेल्या फाइलमध्ये उघडण्याचा पासवर्ड रिकामा असतो, आणि जुन्या पद्धतीत त्या रिकाम्या जागी पीडीएफच्या जाहीर तपशिलातच छापलेली ३२ बाइटांची ठरावीक मालिका भरून किल्ली तयार केली जाते. ती कोणत्याही प्रोग्रामला तयार करता येते, नाहीतर मजकूर पडद्यावर दिसलाच नसता. ‘छापू नये’ ही सूचना म्हणजे एका आकड्यातला एक बिट, म्हणजे ० किंवा १ अशी एक खूण. ती पाळणे न पाळणे सर्वस्वी फाइल उघडणाऱ्या प्रोग्रामवर सोपवलेले असल्यामुळे, निर्बंध काढणारी सॉफ्टवेअर हे काम क्षणार्धात करतात यात नवल नाही. क्यूपीडीएफसारखे मुक्त साधन तर एका आज्ञेत निर्बंधमुक्त प्रत लिहून देते.

उघडण्याच्या पासवर्डाचे तसे नाही. तिथे खरोखरच किल्ली शोधावी लागते. सुरुवातीची किल्ली ४० बिटांची होती, म्हणजे सुमारे १.१ लाख कोटी शक्यता, आणि संगणकाला त्या सगळ्या तपासून पाहणे लवकरच आवाक्यात आले. २००१ मध्ये अ‍ॅक्रोबॅट या अ‍ॅडोबीच्या पीडीएफ प्रोग्रामच्या पाचव्या आवृत्तीबरोबर १२८ बिट आणि २००८ मध्ये अ‍ॅक्रोबॅट ९ बरोबर २५६ बिट आले. मात्र या नवव्या आवृत्तीत पासवर्ड पडताळण्याची क्रिया इतकी हलकी ठेवली गेली की किल्ली लांबूनही पासवर्डाचे अंदाज बांधणे आधीपेक्षा जलद झाले. ही चूक पुढच्या आवृत्तीत सुधारावी लागली.

कायद्याशी गाठ पडली ती २००१ मध्ये. मॉस्कोच्या एल्कॉमसॉफ्ट कंपनीने अ‍ॅडोबीच्या ई-पुस्तकांवरचे निर्बंध काढणारा प्रोग्राम विकायला काढला होता. त्यावर काम केलेले दिमित्री स्क्ल्यारोव्ह लास व्हेगासच्या डेफकॉन या हॅकरांच्या परिषदेत भाषण देऊन परतत असताना, १६ जुलैला, अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल कॉपीराइट कायद्याखाली त्यांना अटक झाली. जो प्रोग्राम रशियात लिहिणे गुन्हा नव्हता, त्यासाठी अमेरिकेत तुरुंग, यावरून एवढा गदारोळ झाला की मुळात तक्रार करणाऱ्या अ‍ॅडोबीनेच आठवडाभरात पाठिंबा काढून घेतला. खटला पुढे कंपनीवर चालला आणि डिसेंबर २००२ मध्ये सॅन होजेच्या ज्युरीने तिला निर्दोष ठरवले.

भारतात २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५अ आले. असे संरक्षण तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड अशी त्यात तरतूद आहे, पण कायद्याने दिलेल्या हक्कांचा भंग करण्याचा हेतू असेल तरच; त्यामुळे स्वतःच्याच दस्तऐवजावरचा निर्बंध हटवणारा त्या कलमाच्या कक्षेत येत नाही.