जीपीआर म्हणजे ‘भारीतला मेटल डिटेक्टर’ नव्हे

साइटवर जीपीआर (ग्राउंड पेनिट्रेटिंग रडार, म्हणजे जमिनीखालचं दाखवणारा रडार) उतरवला की पहिला प्रश्न ठरलेला: ‘धातू किती खोलपर्यंत पकडतो?’ विचारणारे अनाडी नसतात, बऱ्याचदा इंजिनिअरच असतात. म्हणून जास्त वैताग येतो.

मेटल डिटेक्टर सगळ्यांना माहीत आहे. कॉइलच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत प्रवाह उमटतो, तो कॉइलला कळतो आणि यंत्र वाजतं. विषय संपला.

जीपीआरला धातूचं विशेष कौतुक नाही. तो जमिनीत रेडिओ लहरींचे स्पंद सोडतो आणि खालचं द्रव्य जिथे बदलतं तिथून परत आलेली लहर टिपतो. पीव्हीसी पाइप, पोकळी, जुना पाया, ओलीची रेघ, सगळं त्याच्या लेखी ‘बदल’. लोखंड ठळक दिसतं ते लहर जवळजवळ पूर्ण परतवतं म्हणून. पण मग त्याच्या खालचं काही दिसत नाही. आणि पाइप आडवा ओलांडताना स्क्रीनवर जी कमान उमटते, तो पाइपचा आकार नव्हे! लहर पुढेमागे पसरते, त्यामुळे पाइप अँटेनाखाली येण्याआधीच लांबून दिसू लागतो. अंतर घटत जातं, मग पुन्हा वाढतं, त्याची ती कमान. पाइपवरून लांबीच्या दिशेने चाललात तर कमान उमटतच नाही, सरळ रेघ येते आणि ती मातीचा थर म्हणून सोडून दिली जाते. एकाच दिशेने स्कॅन करून मोकळे होणाऱ्यांना पैसे देऊ नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. उभ्या-आडव्या रेघांची जाळी हवीच.

खोलीचा घोळही इथूनच सुरू होतो. यंत्र खोली मोजतच नाही, वेळ मोजतं. समजा, लहर 20 नॅनोसेकंदांत जाऊन परत आली. कोरड्या वाळूत (डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट, म्हणजे द्रव्य लहरीला किती मंदावतं ते सांगणारा आकडा, 4 धरला तर) ती नॅनोसेकंदाला 15 सेंटिमीटर जाते, म्हणजे वस्तू दीड मीटरवर. ओल्या मातीत तोच आकडा 25 धरला तर वेग 6 सेंटिमीटर आणि वस्तू 60 सेंटिमीटरवर! प्रतिध्वनी एकच, खड्डे दोन. रिपोर्टमध्ये खोली लिहिली आणि वेग कुठून घेतला ते लिहिलं नाही, तर तो रिपोर्ट परत पाठवा. कमानीच्या पसरटपणावरून वेग काढता येतो, नाहीतर जवळच्या चेंबरमध्ये खोली माहीत असलेला पाइप असतोच.

भूसुरुंगांच्या कामात दोन्ही यंत्रं एकत्र का वापरतात, ते यावरून कळेल. कित्येक सुरुंगांत धातू नावापुरताच असतो. डिटेक्टर तेवढ्यावर वाजतो, पण प्रत्येक खिळ्यावर आणि रिकाम्या काडतुसावरही वाजतो. जपानच्या तोहोकू विद्यापीठाने घडवलेल्या ‘आलिस’ या हातातल्या यंत्रात दोन्ही आहेत. कंबोडियात ते वापरलं गेलं. डिटेक्टर वाजला की रडारच्या चित्रावरून ठरवायचं, खिळा की सुरुंग.

आपल्याकडची खरी अडचण काळी माती. ओली चिकणमाती वीज वाहून नेते आणि लहर गिळून टाकते. 400 ऐवजी 100 मेगाहर्ट्झचा अँटेना लावला तर थोडं खोल जाता येतं, पण बारीक केबल हातच्या जातात. खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतही हेच रडगाणं. अशा रानात लोखंडी पाइपलाइन हुडकायची असेल, तर पाइपला सिग्नल जोडून तो वरून पकडणाऱ्या साध्या लोकेटरने शोधा, स्वस्तात होईल. पीव्हीसी असेल तर जीपीआर बोलवा, पण मे महिन्यात.