वीज जास्त वापरली की एकदम वापरली? युनिट आणि लोड यांचा घोळ

गणपतीच्या आदल्या संध्याकाळी आमच्या वाडीत काय होतं ते कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. वर्षभर कुलूप असलेली घरं उघडतात, चाकरमानी पोरंबाळं घेऊन उतरतात आणि सातच्या सुमाराला विहिरीवरचे पंप, गीझर, वाटणाचे मिक्सर, मखराच्या लायटी, शिवाय गेल्या काही वर्षांत मुंबईकरांनी बसवलेले एसी, सगळं एका दमात सुरू होतं आणि डीपीवरचा, म्हणजे वाडीला वीज पुरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवरचा, फ्यूज उडतो. मग काळोखात कोणीतरी वायरमनला फोन लावतो आणि शेजारचे काका ओटीवरून ओरडतात, "केवढी वीज वापरतात मेले!"

काकांचं इथंच चुकतं. वीज जास्त वापरलेली नाही, एकदम वापरली आहे.

युनिट म्हणजे एकूण किती वीज खाल्ली, आणि लोड म्हणजे एका क्षणाला किती ओढली. २ किलोवॅटचा गीझर पंधरा मिनिटं चालला तर अर्धं युनिट होतं, बिलात कळणारही नाही, पण त्या पंधरा मिनिटांत तो डीपीवर २ किलोवॅटचा भार टाकून बसलेला असतो आणि असे वीस गीझर एका वेळी लागले की ४० किलोवॅट झाले, पंप नि एसी अजून धरलेच नाहीत. फ्रिजचं बरोबर उलटं. तो बिचारा दिवसरात्र शे-दीडशे वॅटवर कुरकुरत असतो, डीपीला त्याचा पत्ताही लागत नाही, पण महिनाअखेरीला युनिटं त्याचीच जास्त भरतात. बिलावर "मंजूर भार" म्हणून जो आकडा असतो ना, तो लोडचा. खाली "एकूण वापर" असतो, तो युनिटांचा. बहुतेक जण फक्त दुसरा बघतात आणि पहिल्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.

पेपरात "विजेची मागणी वाढली" असं छापून येतं तेव्हाही हाच घोळ होतो. ३० मे २०२४ ला देशाची मागणी २५० गिगावॅटवर गेली, तो आकडा लोडचा होता, त्या एका वेळेचा. वर्षाला किती युनिटं लागली हा हिशेब वेगळा, आणि दोन्ही एकाच वेगानं वाढतील असं अजिबात नाही. वीज कंपन्यांचा सगळा धंदा सध्या या फरकावरच फिरायला लागलाय.

आमच्याकडे छपरावर सोलर बसवणारे वाढलेत. ३ किलोवॅटचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला दहा-बारा युनिटं देतं, म्हणजे त्या घराला कंपनीकडून युनिटं जवळजवळ घ्यावीच लागत नाहीत. पण जुलैत, आभाळ भरलेलं असताना, संध्याकाळी सातला त्याच घराला तेवढाच लोड हवा असतो जेवढा आधी हवा होता. म्हणजे कंपनीची युनिटं खपायची कमी झाली आणि तारा, खांब, डीपी आणि मागे कुठंतरी चालू ठेवलेलं वीजकेंद्र मात्र तसंच्या तसं लागतंय. दूधवाल्याला सांगा की रोज दूध नको, पण पाहुणे आले की दहा लिटर तयार पाहिजे, तर तो काय म्हणेल? म्हशीच्या वैरणीचे पैसे मागेल. बिलातला स्थिर आकार म्हणजे ती वैरण. बंद घराला शून्य युनिटाचं बिल येतं तेव्हा चाकरमानी चिडतात, मी पण पूर्वी चिडायचो. आता निम्मा चिडतो.

पोफळीला, कोयनेच्या वीजकेंद्रावर, कधी गेला असाल तर तिथंही हाच खेळ आहे. कोयनेची क्षमता १९६० मेगावॅटच्या आसपास, ऐकायला केवढी मोठी, पण पश्चिमेला वळवायचं पाणी कृष्णा पाणीतंटा लवादानं वर्षाला ६७.५ टीएमसीवर (अब्ज घनफुटांवर) बांधून दिलंय आणि त्याचं वर्ष १ जूनला सुरू होतं. सगळी जनित्रं रात्रंदिवस पूर्ण जोरात चालवली तर वर्षाचं पाणी काही महिन्यांत वाशिष्ठीत जाऊन मोकळं. त्यामुळं कोयना युनिटांसाठी ठेवलेली नाहीच, ती ठेवलीय संध्याकाळच्या लोडसाठी. कोळशाचं केंद्र तापायला तास न् तास घेतं, पाण्याची जनित्रं काही मिनिटांत हजर.

याच्या उलट टोकाला दाभोळ. (प्रकल्पाला सगळे दाभोळ म्हणतात पण तो खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यात अंजनवेलला आहे, दाभोळ गाव राहिलं दापोलीत.) ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये नाफ्त्यावर सुरू झाला आणि करार असा होता की राज्य वीज मंडळानं युनिटं उचलली नाहीत तरी क्षमतेचे पैसे द्यायचे. मागणी अमुक वाढेल असं गृहीत धरलं होतं, तेवढं महाग युनिट घेणारं गिऱ्हाईक निघालं नाही, आणि मे २००१ मध्ये केंद्र बंद पडलं. क्षमतेचे पैसे घेणं यात मला काही वावगं वाटत नाही, म्हैस पोसायला पैसे लागतातच. वावगं हे की गावाला सणापुरत्या दुधाची गरज होती आणि अख्खा गोठा रोजच्या भावानं गळ्यात मारला.

आता कंपन्या काय करतात बघा. रायगडात भिरा इथं टाटांचं १५० मेगावॅटचं उदंचन जनित्र कधीपासून आहे, म्हणजे वीज स्वस्त असताना पाणी वर चढवायचं आणि महाग असताना खाली सोडायचं. कर्जतजवळच्या भिवपुरीला १००० मेगावॅटचं करायचं ठरलंय, त्याचा सरकारशी करार २०२३ मध्ये झाला. यात गंमत अशी की असला प्रकल्प जेवढी युनिटं देतो त्यापेक्षा जास्त खातो, पाचातलं एखादं वाटेतच जातं. युनिटाच्या हिशेबानं हा धंदा शुद्ध तोट्याचा! पण दुपारची वीज संध्याकाळी विकायची, त्यात पैसा आहे.

माझ्या मावसभावाचा बंदराजवळ बर्फाचा कारखाना आहे, त्याला हे सगळं माझ्या आधी कळलं. जून-जुलैत मासेमारी बंद, बर्फ कोणाला नको, युनिटं नावाला, तरी डिमांड चार्ज, म्हणजे लोडवर लागणारा आकार, येतोच. आणि एका ऑगस्टला बोटी निघायच्या घाईत कामगारांनी दोन्ही कॉम्प्रेसर एकदम चालू केले, तर त्या थोड्या मिनिटांचा लोड मीटरनं टिपून ठेवला आणि महिनाभराचा डिमांड चार्ज त्यावर बसला. आता एक कॉम्प्रेसर लागला की दादा स्वतः उभा राहून घड्याळ बघतो, मग दुसरा. पूर्वी तो रात्री दहानंतर बर्फ लावायचा कारण तेव्हा सवलत होती, आता सोलरमुळं सवलत दिवसा आली तर दुपारी मिठाच्या पाण्याच्या टाकीत डबे सोडतो आणि संध्याकाळी वीज महाग असताना कॉम्प्रेसर बंद ठेवतो. टाकी थंड राहते, लाद्या पहाटे बोटीवर जातात. बॅटरी बॅटरी म्हणून लोक जे बोलतात ते त्याच्याकडे लादीच्या रूपात गोणपाटाखाली पडलेलं असतं.

यंदा वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी मेसेज टाकलाय, गणपतीत पंप दुपारी लावा, टाक्या भरून ठेवा, संध्याकाळी आरतीच्या वेळी नको. काकांनी अंगठा दाखवला आणि खाली लिहिलं, पंपाचं मी बघतो, गीझरचं तू मुंबईवाल्यांना सांग, माझं ते ऐकत नाहीत.