वास आला नाही म्हणजे अन्न चांगलं? मुळीच नाही

वीज बराच वेळ गेली की फ्रिजमधलं अन्न हुंगून 'चांगलं आहे' म्हणायची सवय कृपा करून सोडा. आजारी पाडणारे जंतू वाढले तरी वास बदलतोच असं नाही; काहींचं विष तर उकळूनही जात नाही. भरवसा थर्मामीटरवर ठेवा. 4 अंश सेल्सियसच्या वर 2 तासांहून जास्त राहिलेलं दूध, मांस, शिजवलेलं अन्न टाकूनच द्यायचं.

दार उघडलं नाही तर फ्रिज साधारण 4 तास थंड राहतो, गच्च भरलेला फ्रीजर 48, अर्धा भरलेला 24. म्हणून फ्रीजरच्या रिकाम्या जागेत पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या आधीच गोठवून ठेवा. काठोकाठ भरू नका, बर्फ फुगून बाटली तडकते. मांसात बर्फाचे कण अजून हाताला लागत असतील, तर ते पुन्हा गोठवता येतं.