ढेकण्या (काजूवरील)

काजूची कोवळी पालवी, मोहोर आणि लहान बिया यांतील रस शोषणारा कीटक. शास्त्रीय नाव हेलोपेल्टिस अँटोनाय (सिग्नोरे, १८५८). कुळ मिरिडी, गण अर्धपंखी. पाय व मिशा डासासारख्या लांब-बारीक असल्याने चहाच्या मळ्यांतून आलेले ‘टी मॉस्क्विटो बग’ हे नावही कोकणात रुळले आहे. कपाशीवरचा लाल ढेकण्या हा निराळा कीटक. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणला, पण त्यावरचा हा किडा मूळचा दक्षिण भारत व श्रीलंकेतला आहे. पेरू, कोको आणि कडुनिंबावरही तो जगतो. कडुनिंबाचे शेंडे वाळण्यामागे पुष्कळदा हाच असतो.

वर्णन : प्रौढ कीटक ६ ते ८ मिमी. लांब, सडपातळ, तांबूस तपकिरी. डोके काळे, पंख धुरकट आणि मिशा शरीराहून लांब. पाठीवर, पंखांच्या मुळाशी टाचणीसारखा उभा काटा असून त्याच्या टोकाला गाठ असते. ओळख पटवायला ही एक खूण पुरेशी आहे. पिल्ले नारिंगी, बिनपंखी आणि मुंगीसारखी चपळ असतात. नुकत्याच बाहेर पडलेल्या पिलाला हा काटा नसतो, तो पहिल्या कातीनंतर दिसू लागतो.

जीवनक्रम : मादी कोवळ्या फांदीच्या सालीत, पानाच्या देठात किंवा मोहोराच्या दांड्यात अंडे खुपसते. अंडे आत दडलेले असते. बाहेर फक्त केसासारखे दोन पांढरे तंतू राहतात, लांबीला कमीजास्त. ते भिंगातून पाहिले तरच सापडतात. साधारण आठवड्याने पिल्लू बाहेर येते, पाच अवस्थांतून जाते आणि दोन आठवड्यांच्या आसपास प्रौढ होते. म्हणजे एक पिढी सुमारे तीन आठवड्यांत पुरी होते आणि पालवीपासून बी भरेपर्यंत अनेक पिढ्या एकमेकींत मिसळलेल्या सापडतात.

पावसाळ्यात संख्या नगण्य असते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पालवी फुटली की ती वाढू लागते आणि जानेवारी-फेब्रुवारीत, मोहोराच्या ऐन दिवसांत, कळस गाठते.

नुकसान : पिल्ले व प्रौढ दोन्ही सोंड खुपसून रस शोषतात आणि लाळ आत सोडतात. त्या लाळेने भोवतीच्या पेशी मरतात. टोचल्या जागी आधी पाणथळ ठिपका उमटतो, त्यावर डिंकाचा चकचकीत थेंब येतो आणि दिवसभरात ठिपका तपकिरी होऊन पुढे काळा पडतो. ठिपके एकमेकांत मिसळले की शेंडा वाळतो, मोहोर करपतो. या जखमांतून बुरशी शिरली की करपा आणखी पसरतो. लहान बिया सुरकुतून गळतात, मोठ्या बियांवर व बोंडांवर खरजेसारखे डाग राहतात. उद्रेकाच्या वर्षी ३० ते ४० टक्के पीक जाऊ शकते.

मोहोर जळाला की दोष धुक्याला दिला जातो, कारण ठिपका काळा पडेपर्यंत किडा दुसऱ्या शेंड्यावर गेलेला असतो. तो सकाळी लवकर व संध्याकाळी खातो आणि उन्हात पानांआड बसतो. म्हणून पाहणी सकाळीच करावी. ताजा डिंक दिसला तर किडा जवळपासच असतो.

नियंत्रण : अंडी सालीच्या आत असल्याने फवारा त्यांना लागत नाही आणि एका फवारणीने काम भागत नाही. पालवी, मोहोर आणि फळधारणा या तीन टप्प्यांवर, झाडावर कीड पाहूनच, फवारणी करतात. लॅम्बडा सायहॅलोथ्रीन ५ टक्के ६ मिली किंवा प्रोफेनोफॉस ५० टक्के १० मिली, १० लिटर पाण्यात. तेच औषध लागोपाठ वापरू नये. त्या पिकासाठी त्याची शिफारस चालू आहे ना, हे लेबलावर आधी पाहावे. फुले उमलण्याच्या वेळी फवारल्यास परागीभवन करणाऱ्या माश्या मरतात आणि वाचलेल्या मोहोरालाही फळ धरत नाही. नेहमीची चूक म्हणजे एकट्याने आपल्याच बागेत फवारणे : प्रौढ उडून शेजारच्या बागेत जातात आणि औषधाचा असर ओसरला की परततात. फवारणी कडेच्या झाडांपासून आत करत जावी, शेजाऱ्यांनी दिवस ठरवून घ्यावा.

कलमाच्या जोडाखालून आलेले फुटवे काढून टाकावेत, त्यांच्या बेमोसमी पालवीवर कीड तग धरते. ओंबील (गोव्यातले हुमले), म्हणजे झाडावर पाने जोडून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या, ज्या झाडावर घरटी करतात तिथे ढेकण्या कमी टिकतो. तोडणीच्या वेळी चावतात म्हणून अनेक जण ती घरटी जाळतात, ते महागात पडते. अंड्यांवर टेलेनोमस गांधीलमाशी परोपजीवी म्हणून वाढते. गोव्यातून निवडलेली ‘भास्करा’ ही जात मध्यम प्रादुर्भावात बऱ्यापैकी वाचते, मोठ्या उद्रेकात तिलाही फवारणी लागते.